जिन्याच्या पायऱ्यांबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले, मापंही मिळाली. मधल्या सगळ्या पायऱ्या १७० मिलिमीटर उंच, सर्वांत खालची १३५ आणि सर्वांत वरची २०५. आणि साइटवरचा माणूस तुला म्हणतो, "मॅडम, सवय होईल."

सोनू, याची सवय होत नाही. जिना चढताना कुणी पायरीकडे बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे तो त्याच हिशेबाने उचलला जातो. वरची पायरी जवळजवळ दीड इंच जास्त निघाली की बोटं कडेला अडकतात. उतरताना तर पहिलंच पाऊल अंदाजापेक्षा खोल जातं, तेही माणूस जिन्याच्या माथ्यावर असताना. तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखरे, पिलू आता धावायला लागलंय. त्यामुळे 'नव्या घरात कशाला कटकट' हे तुझं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही.

बांधकाम खात्यात आरेखक म्हणून मी नोकरीभर जिन्यांचे नकाशे काढले, म्हणून मापं बघताच चूक कुठे झाली ते कळलं. काँक्रीटच्या पायऱ्या सारख्याच ओतल्या आहेत. पण खाली हॉलमध्ये आणि वर पॅसेजमध्ये सिमेंट-वाळूचा माल आणि टाइल मिळून साधारण ५५ मिलिमीटरचा थर चढला आणि पायऱ्यांवर ग्रॅनाइट जेमतेम २० मध्ये बसवलं. फरक ३५ चा. तो खालच्या पायरीत कमी झाला आणि वरच्या पायरीत वाढला. गवंड्याला दोष देऊ नकोस. तयार फरशीची लेव्हल आधी ठरवून भिंतीवर आखून देणं हे सुपरवायझरचं काम, ते कुणी केलं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर सांगितली आहे. तुझी वरची पायरी त्यातही बसत नाही.

बिल्डरची माणसं म्हणतात तशी वरच्या पायरीवर पट्टी मारून हे सुटणार नाही. तिथली उंची कमी होईल आणि तिच्या खालच्या पायरीची तेवढीच वाढेल. सगळं ग्रॅनाइट काढायचं आणि प्रत्येक पायरी, मधलं लँडिंगसुद्धा, ३५ मिलिमीटरने वर घ्यायचं. मग खालपासून वरपर्यंत सगळ्या १७० होतात. मात्र एवढ्या मालाचं वजन चौरस मीटरला सत्तरेक किलो भरतं, म्हणून जिन्याच्या स्लॅबला ते झेपेल असं स्ट्रक्चरल इंजिनीअरने लिहून दिल्याशिवाय हात लावू देऊ नकोस. पायऱ्या वर आल्या की कठडा तेवढाच बुटका होतो, तोही उचलायला सांग.

कठडा नाहीतरी काढावाच लागेल. हाताने हलतो म्हणालीस, आणि फोटोत तो टाइलच्या कडेला साध्या स्क्रूवर उभा दिसतोय. खांबाची पट्टी अँकर फास्टनरने, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणाऱ्या बोल्टने धरलेली हवी. कठड्याचं स्टील ३०४ नंबरचं, म्हणजे चांगल्या प्रतीचं आहे हे दाखवायला ते लोहचुंबक लावतील. त्यावर जाऊ नकोस, स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. खरेदीचं बिल माग. ग्रॅनाइट पुन्हा बसवताना पायरीच्या कडेला खाचा पाडून घे, गुळगुळीत दगडावर ओला पाय घसरतो.

आता कागदांचं. स्वतःच्या पैशाने गवंडी लावून दुरुस्ती करायची घाई करू नकोस. पुरावाही जाईल आणि जबाबदारीही तुझ्यावर येईल. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायदा २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत कामातला दोष लेखी कळवला, तर प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करावा लागतो. नाही केला तर भरपाई मागता येते, आणि कलम ३१ खाली महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. तुमच्या करारनाम्यावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक असेल, तो पत्रात घाल. फोनवरची आश्वासनं कामाला येत नाहीत. पत्र ईमेलने पाठव आणि स्पीड पोस्टानेही, पोच जपून ठेव. प्रत्येक पायरीला टेप लावून फोटो काढ, आकडा वाचता आला पाहिजे. 'कामाबद्दल कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर मात्र सही करू नका, दोघंही.

तू स्वभावाने भिडस्त आहेस, मला माहीत आहे. पण कर्ज काढून पूर्ण पैसे मोजलेत, तेव्हा सारख्या पायऱ्यांचा जिना मागणं हा तुमचा हक्क आहे. त्यांच्याशी भांडू नकोस, आवाजही चढवू नकोस. फक्त मापं सांग आणि तारीख माग.

काम होईपर्यंत वर आणि खाली दोन्हीकडे लहान मुलांचं फाटक लाव, वरच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटव आणि सासूबाईंची झोपायची सोय खालच्या खोलीत कर. पत्राचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखव, आकडे मी तपासून देते.

तुझी,
आई