आधी खडीचा वाफा, मग पोहण्याचे पाणी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुळशी, कर्जत, अलिबागकडच्या बंगल्यांच्या जाहिरातींत ‘क्लोरीनविरहित नैसर्गिक स्विमिंग पूल’ दिसू लागला आहे. कल्पना खरोखर सुंदर आहे. डोळे चुरचुरत नाहीत, केस राठ होत नाहीत, काठावर टाचण्या आणि चतुर भिरभिरतात, सकाळी खंड्या येऊन बसतो. पण हे पाणी वर्षानुवर्षे नितळ ठेवायला काय लागते, ते जाहिरातीत नसते. खड्डा खणला, प्लॅस्टिक अंथरले, कडेला चार कमळे लावली की झाले, अशा समजुतीने बांधलेला तलाव पहिल्याच उन्हाळ्यात हिरवा होतो. मग गुपचूप ब्लीचिंग पावडर नाहीतर मोरचूद पडतो, झाडे मरतात आणि ‘आपल्या हवेत हे जमत नाही’ असा निकाल लागतो. जमते, पण हिशेबाने बांधले तर. म्हणून हे पत्र.

मोट चालू असलेल्या विहिरीचे पाणी स्वच्छ असे, उपसा थांबला की तीच विहीर हिरवी पडे, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही माहीत आहे. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात घरोघरी बांधले जाऊ लागलेले नैसर्गिक तलावही याच तत्त्वावर चालतात. एका बाजूला पोहण्याचे पाणी, दुसऱ्या बाजूला खडी आणि पाणवनस्पतींचा वाफा, आणि दोहोंमध्ये रात्रंदिवस फिरणारे पाणी. पाणी शुद्ध करण्याचे बहुतेक काम झाडे करत नाहीत. खडीच्या प्रत्येक खड्यावर जिवाणूंचा जो बुळबुळीत थर धरतो, तो करतो. झाडांची मुळे त्या थराला आधार देतात आणि उरलेली खते शोषून घेतात. म्हणजे खरा तलाव हा वाफाच. पोहण्याचा हौद त्याला जोडलेला असतो.

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल हौद धरू. त्यात ४८ हजार लिटर पाणी मावते. युरोपात पंप असलेल्या तलावांत वाफा एकूण क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्शावर भागवतात. आपले पाणी वर्षातले बरेच महिने २८-३० अंशांवर असते, शेवाळ दुप्पट जोमाने वाढते. त्यामुळे इथे वाफा हौदाएवढाच धरावा, म्हणजे ३२ चौरस मीटर, ६० सेंटिमीटर खोल. त्याला सुमारे सात ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी लागते. तळाशी ४० एमएम, मध्ये २० एमएम, वर १२ एमएम, प्रत्येकी २० सेंटिमीटर. खडी काळ्या दगडाची आणि धुतलेली हवी. डस्ट तशीच राहिली तर सहा महिन्यांत ती खाली बसून पाण्याची वाट बंद करते आणि सगळा वाफा उपसावा लागतो. तळाशी ११० एमएमचे भोके पाडलेले पाइप, आणि त्यांच्या तोंडाशी उभा पाइप ठेवावा, म्हणजे साचलेला गाळ पुढे कधीही खेचून काढता येतो. या उभ्या पाइपचा खर्च वाचवायला जाऊ नये.

जमीन काळी असेल तर आधी ती काढून मुरूम भरून दाबून घ्यावा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि हौदाला तडे जातात. हौदाला प्लॅस्टिकचा कागद वापरायचा तर खाली जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड) अंथरावे. शेततळ्याचा गुळगुळीत कागद उताराच्या काठावर उघडा ठेवणे मात्र धोक्याचे आहे. ओल्या कागदावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्यांत बुडून होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या आपणच छापता. भिंती उभ्या बांधाव्यात, रुंद पायऱ्या खडबडीत दगडाच्या असाव्यात, कठडा आणि धरायला दोर असावा. पायऱ्यांवर शेवाळाचा थर धरतोच. तो आठवड्यातून एकदा ब्रशने घासावा.

आता मुख्य शत्रू, फॉस्फरस. जर्मनीतल्या मार्गदर्शक नियमांत अशा तलावाच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस नसावा असे म्हटले आहे. आपल्या उदाहरणातल्या हौदात आणि वाफ्यात मिळून साधारण ५६ हजार लिटर पाणी असते. म्हणजे सगळ्या तलावाला मुभा आहे ती जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. डीएपी खतात फॉस्फरस वीस टक्के असतो. हिशेब करा: अर्धा चमचा डीएपी शेजारच्या लॉनवरून वाहून आला, तरी मर्यादा संपली. आणि एका ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे शंभर ग्रॅम कोरडे शेवाळ पोसले जाते; ओले तर त्याच्या कैक पट.

म्हणूनच वाफ्यात माती नको आणि शेणखत तर मुळीच नको. इथे माळी हमखास चुकतो, कारण झाड लावताना मूठभर खत घालणे त्याच्या हाताला सवयीचे असते. नर्सरीतले रोप पिशवीतून काढून त्याची मुळे बादलीत खळबळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवावीत आणि मगच ती खडीत रोवावीत. आठवडाभर रोप पिवळे पडते. घाबरून खत घालू नये. कर्दळ, वेखंड, वाळा, लव्हाळा ही ओळखीची झाडे उत्तम काम करतात, चौरस मीटरला चार-पाच पुरतात. पाणकणीस लावायचे तर वेगळ्या कुंडीत, नाहीतर दोन वर्षांत ते सगळा वाफा बळकावते. जलपर्णीचे एक रोपटेही आत येऊ देऊ नये. ऑक्टोबरात आणि होळीच्या आधी झाडे छाटून पाला बाहेर काढावा. पाला आत कुजला तर शोषलेले सगळे परत पाण्यात जाते. तलाव पिंपळ, गुलमोहर, रेन ट्री यांच्या खाली खणू नये; पाण्यावर तरंगणारा पाला ओढून घेणाऱ्या स्किमरची जाळी पानगळीत रोज रिकामी करावी.

पाणी दिवसातून दोनदा वाफ्यातून फिरले पाहिजे, म्हणजे तासाला ४ हजार लिटर. त्याला कमी उंचीवर जास्त पाणी ढकलणारा, १०० वॅटच्या आसपासचा तळ्याचा पंप पुरतो. दिवसाला अडीच युनिटच्या आत भागते. विहिरीवरची एक एचपीची मोटर लावण्याचा मोह टाळावा. ती चोवीस तास चालवणे परवडत नाही, म्हणून दोन तास चालवून बंद करतात, आणि तिथेच तलाव मरतो. खडीतल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. वीज गेल्याने पंप बारा-पंधरा तास थांबला तर आतले पाणी सडते. पुन्हा चालू करताना वाफ्यातून येणारे पहिले पाणी सडक्या अंड्यासारखा वास मारत असेल, तर ते हौदात न सोडता बागेला द्यावे. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टर किंवा सोलर आधीच धरावा. पाण्याजवळच्या प्रत्येक वायरीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच.

मे महिन्यात बाष्पीभवनाने आणि झाडांनी मिळून दिवसाला पाचशे लिटर पाणी सहज जाते. ती भर बोअरच्या पाण्याने घातली तर क्षार साठत जातात, पाणी जड होते. पुण्यासारख्या ७०० मिलिमीटर पावसातही १०० चौरस मीटर छपरावरून पन्नास-पंचावन्न हजार लिटर पाणी मिळते. पहिला पाऊस वाहून जाऊ द्यावा, मग साठवावे. टँकरचे पाणी तपासल्याशिवाय आत घेऊ नये. भर कोणतीही असो, ती वाफ्यातूनच सोडावी. पावसाळ्यात अंगणातले पाणी आत येऊ नये म्हणून काठ जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर उंच आणि भोवती चर हवा.

डासांची भीती रास्त आहे. उपाय वाफ्याच्या बांधणीत आहे: वाफ्यातल्या पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटर खाली ठेवावी. वर उघडे पाणीच नसेल तर डास अंडी घालणार कुठे? नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने सांडपाण्यासाठी विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीतही पाणी असेच खडीच्या आतून वाहते. हौदाचे पाणी हलते ठेवावे, कोपरे मृत राहू देऊ नयेत. आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो, म्हणून आठवड्याला एकदा चहाच्या गाळणीने कोपरे तपासावेत. चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या खातात. मासे सोडलेच तर थोडे, आणि त्यांना खाद्य घालू नये. खाद्य म्हणजे फॉस्फरस. बेडूक येतील, त्यांच्या मागे दिवडही येईल. ती बिनविषारी आहे, तिला मारू नये.

पहिल्या दोन महिन्यांत पाणी हिरवट होणे स्वाभाविक आहे; वाफा धरायला तेवढा वेळ लागतो. तळाशी टाकलेले नाणे काठावरून दिसले पाहिजे. दिसत नसेल तर पोहू नये. पृष्ठभागावर निळसर-हिरवा रंग सांडल्यासारखी साय आली, तर ती निळे-हिरवे शेवाळ समजून माणसे आणि कुत्री दोघांनाही पाण्यापासून दूर ठेवावे.

आरोग्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. या पाण्यात क्लोरीन नाही, म्हणजे एकाच्या अंगावरचा जंतू दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत मारणारेही काही नाही. जुन्या पायऱ्यांच्या विहिरींचे कौतुक करताना नारूचा रोग विसरू नये. माणसे त्याच पाण्यात उतरत आणि तेच पीत. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले, त्यात पिण्याचे पाणी वेगळे होण्याचा मोठा वाटा होता. पोहण्याच्या तलावाचा पिण्याच्या विहिरीशी संबंध नको. उंदरांचा वावर असेल तर लेप्टोचा धोका आहे. केरळात २०२४ आणि २०२५ साली कोमट गोड्या पाण्यातल्या अमीबामुळे मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. हा आजार विरळा, पण बहुतेकदा जिवावर बेततो आणि नाकावाटे शिरतो. धोका शून्य करता येत नाही, कमी करता येतो: दुपारची सावली, खोल हौद, तळाचा गाळ महिन्याला काढणे, तो पायाने न ढवळणे, उडी मारताना नाकाला क्लिप. पोहल्यानंतर काही दिवसांत ताप आणि तीव्र डोकेदुखी आली तर तलावात पोहल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

पाणी महिन्याला एकदा तपासावे. नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. जंतूंच्या जर्मन मर्यादा अशा: १०० मिलिलिटरला ई. कोलाय १००, एन्टरोकोकाय ५०, स्युडोमोनास १०. उतरण्याआधी प्रत्येकाने साध्या पाण्याने अंघोळ करावी. अंगाला तेल, उटणे, साबण नको. लंगोटातली बाळे आत नकोत.

आणि माणसे मोजकी. दिवसाला माणशी दहा हजार लिटर पाणी हा आमचा ठोकताळा. म्हणजे वरच्या हौदात चार-पाच जण. एका कुटुंबाला तो वर्षानुवर्षे सुख देईल. शनिवार-रविवारी तीस-तीस जणांच्या गटांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांत हा तलाव चालणार नाही, कितीही चांगला बांधला तरी. तिथे नीट राखलेला क्लोरीनचा तलावच सुरक्षित. जे बंगलेमालक ‘नैसर्गिक पूल’ म्हणून पैसे घेतात, त्यांनी एका वेळी किती जणांना उतरता येईल तो आकडा आणि त्या महिन्याचा पाणीतपासणीचा अहवाल काठावर लावावा. बुकिंग करणाऱ्यांनी तो फोनवरच मागून घ्यावा.

आपले नम्र,
नैसर्गिक तलाव बांधणारे व राखणारे काही वाचक, पुणे