सुटकेआधीचा शेवटचा महिना: गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातून लवकरच सुटतोय. त्याच्या हातून गुन्हा घडला, न्यायालयानं शिक्षा दिली, ती त्यानं भोगली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचंय ते या शेवटच्या दिवसांबद्दल.

लोक म्हणतात, आता काय, आनंदात असेल. पण भेटीच्या वेळी दिसणारा काचेपलीकडचा माणूस सुकत चाललाय. रात्र रात्र डोळा लागत नाही, जेवण अर्धं टाकतो. मधली वर्षं सुतारकामात रमून निघाली, तेव्हा तो असा नव्हता. इंटरकॉमचा रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरून एकामागून एक विचारत राहतो. दंडाची पावती फायलीला लागली का? जुनी एखादी केस काढून गेटवरूनच परत उचलतील का? दिंडोरीची गाडी अजून निमाणी स्टँडवरूनच सुटते का? टपरीवरही मोबाइलनं पैसे देतात म्हणे, मला जमेल? आणि मग आवाज खाली आणून, "ताई, माझ्यामुळं आईला गावात कुणी बोलेल का गं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरकार देऊ शकत नाही, ते आमचं आम्ही बघू. बाकीच्यांची मात्र देता येतील, साहेब. शिक्षेतून कमी होणारे माफीचे दिवस धरून सुटकेची तारीख कार्यालयाला आधीच काढता येते. मग महिनाभर आधी प्रत्येक कैद्याच्या हातात एक कागद का देऊ नये? त्यावर तारीख, दंडाची स्थिती आणि दुसरं कुठलं वॉरंट आहे की नाही, एवढं स्पष्ट लिहिलेलं असावं. ज्याला दंड झेपत नाही त्याच्यासाठी केंद्राची 2023 ची गरीब कैदी सहाय्य योजना आहे, शिक्षा झालेल्याला 25 हजारांपर्यंत मदत मिळते. तिचा अर्ज त्याच महिन्यात भरून घ्यावा. जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांनी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरनी, आत येऊन भेटावं. आधार, बँक पासबुक, आत शिकलेल्या कामाचा दाखला हे सगळं बाहेर पडताना हातात असावं. आमच्याकडं द्राक्षाच्या छाटणीला माणूस लागतो, पण "याची हमी कोण घेणार?" हे मुकादम पहिल्यांदा विचारतो.

सुटका सकाळीच व्हावी, म्हणजे लांबच्या सुरगाणा-पेठच्या माणसालाही दिवसाउजेडी घर गाठता येईल. आदल्या दिवशी घरच्यांना एक फोन जावा. यासाठी नवा कायदा नको, आपलं एक परिपत्रक पुरे. ते काढावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
दिंडोरी तालुक्यातील एक बहीण