फ्रेमवाल्या काकांना

ती. काका,
सा. न.

चष्मा सापडला नाही तर हे नातवाकडून वाचून घ्या.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा आमच्या अरण्येश्वरच्या तळमजल्यात शिरला. बाबांना जाऊन तीन वर्षं झालेली, त्यात पितृपक्ष चालू. सकाळी चिखलात त्यांच्या चित्रांच्या फ्रेमा दिसल्या आणि माझं डोकंच चालेना. तुम्हाला फोन केला तो खरं तर नव्या फ्रेमांचा भाव विचारायला! तुम्ही म्हणालात, "भाव राहू दे गं. वाळायच्या आत काच सोडवायला हवी. कागद काचेला धरला की चित्र गेलं." आणि तासाभरात शनिवार पेठेतून स्कूटरवर हजर, पायाशी टिपकागदाचा गठ्ठा.

मी आयुष्यभर जलरंगात निसर्गचित्रं करतेय, पण ओल्या कागदाला हात कसा लावायचा ते त्या दिवशी कळलं. मागचे खिळे पकडीनं काढून तुम्ही कडेनं पातळ पातं सरकवायचात. ओढायचं नाही. फ्रेम उपडी धरून कागद आपल्या वजनानं सुटेपर्यंत थांबायचं. मी दोनदा घाई केली, दोन्हीदा ओरडा खाल्ला. पोस्टर कलरमधली दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बहुतेक धुऊन गेली. ज्यांच्यावर आमचं घर चाललं, नेमकी तीच. रविवारी काढलेली जलरंगातली 23 वाचली. प्रशियन ब्लू, तो गडद निळा, कागदात मुरलेला, तो तर हललाही नाही.

मग पर्वतीचं चित्र सुटलं. तुम्ही ते उलटं करून माझ्यापुढे धरलंत. मागेही पर्वतीच, पण आभाळ पार बिघडलेलं. अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी शिरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पडलेले. पुढे आणखी पाच कागदांच्या पाठी तशाच निघाल्या. बाबा पहिल्याच प्रयत्नात आभाळ उतरवतात, या समजुतीपायी मी स्वतःचे किती कागद फाडलेत! तुम्ही एवढंच म्हणालात, "कागद महाग होता गं तेव्हा."

मजुरी घेतली नाहीत, फक्त काचांचे पैसे. ॲसिड-फ्री माउंटवरून, म्हणजे चित्राभोवतीच्या त्या कागद पिवळा न पाडणाऱ्या पुठ्ठ्यावरून, मी तुमच्याशी दरवेळी घासाघीस करायचे, ती त्या दिवसापासून बंद आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आता बालगंधर्व कलादालनात बाबांची आणि माझी चित्रं एकत्र लावतेय. पर्वतीच्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी काच हवी. वजन वाढतं म्हणून कुरकुराल, पण करून द्या. मंगळवारी चित्र घेऊन येते. या वेळी मजुरी लावा.

तुमची,
चित्रकारांची मुलगी