फेजहून पत्र: मालिकि आणि मलिकि

फेज, मोरोक्को
शुक्रवार, असरनंतर

प्रिय माय आणि बाबा,

सलाम. बाग निसवली हे बाबांकडून फोनवर कळलं, जीव हलका झाला. आज मात्र जे सांगायचंय ते फोनवर मावत नाही, म्हणून लिहितोय. माय, हे खरं तर तुझंच पत्र आहे. बाबांकडून वाचून घे.

तुला आठवतं? मी कुरआनची पहिली सूरह, फातिहा, पाठ करताना घाईत ‘मलिकि यौमिद्दीन’ म्हणायचो आणि तू चुलीपाशी बसून थांबवायचीस. ‘माऽलिकि म्हण, पुन्हा म्हण.’ तुला अरबी अक्षर वाचता येत नव्हतं, पण आजीकडून ऐकलेलं तुझ्या कानात पक्कं होतं. आणि इथे पहिल्याच दिवशी मगरिबच्या नमाजेत इमामसाहेब स्वच्छ म्हणाले, ‘मलिकि यौमिद्दीन.’ मी लुकमा देणारच होतो, म्हणजे मागून त्यांची चूक सुधारणारच होतो. पण रांगेत कुणी हललंसुद्धा नाही. नमाजेनंतर कितीतरी वेळ छाती धडधडत होती.

ती चूक नव्हती. आपण भारतात वाचतो ती इराकमधल्या कूफ्याच्या आसिम कारींची किराअत, म्हणजे कुरआन पठणाची त्यांची रीत, त्यांचे सावत्र पुत्र हफ्स यांच्याकडून आलेली. एका घरात बापाने मुलाला शिकवली आणि ती आपल्या यावल-रावेरच्या तडवी वस्त्यांपर्यंत पोचली, हे कळल्यापासून मला हफ्स फार जवळचे वाटतात. इथे मात्र मदिनेच्या नाफे कारींची किराअत चालते, वर्श यांच्या रिवायतीने, म्हणजे त्यांनी ऐकून पुढे दिली तशी. वर्श मूळचे मिसरचे, म्हणजे इजिप्तचे. नाफेंकडे शिकायला ते मदिनेला गेले होते. आपण म्हणतो मालिक, म्हणजे न्यायाच्या दिवसाचा धनी. हे म्हणतात मलिक, म्हणजे त्या दिवसाचा राजा. दोन्ही वाचनं पैगंबरांपर्यंत पोचतात, आणि दोन्ही अर्थ एकमेकांना धरून आहेत.

मग मी वर्श शिकायला बसलो. जीभ अक्षरशः नव्याने वळवावी लागते. आपण ‘युअ्मिनून’ म्हणताना घशात जो झटका देतो तो इथे नाही, सरळ ‘यूमिनून’. ‘कद अफ्लहा’चं ‘कदफ्लहा’ होतं. जिथे आपण स्वर चार-पाच हरकती, म्हणजे मात्रा, ओढतो तिथे हे सहा ओढतात, माझा श्वास पुरत नाही. आणि ‘वद्दुहा’! शेवटचा आ किंचित ए कडे झुकतो, पूर्ण ए मात्र होत नाही. त्या एका झुकावासाठी उस्तादांनी मला तीन दिवस तिथेच बसवलं. लिपीही फसवते: यांचं फे अक्षर खाली एक ठिपका घेतं आणि काफ वर एकच, म्हणजे आपल्या डोळ्याला त्यांचा काफ फे दिसतो. उस्ताद म्हणतात, डोळे बाजूला ठेव, माझ्या ओठांकडे बघ.

एकदा मी त्यांना सांगितलं, आमच्या खानदेशात केळीला केयी म्हणतात, शाळेला शाया, तसंच आहे का हे? ते जरा थांबले. म्हणाले, अरबांच्या टोळ्यांच्या बोली यात दिसतात, हे खरं. मक्का-मदिनेकडच्या हिजाजच्या लोकांच्या जिभेवर हम्जा, म्हणजे तो घशातला झटका, मऊच होता. पण तू केयी म्हणतोस ते आपोआप. कारी आपल्या मनाने एक मात्राही बदलत नाही; उस्तादाच्या तोंडून ऐकलं तेवढंच पुढे देतो. म्हणून एका बैठकीत दोन रिवायतींची सरमिसळ झाली की ते हात वर करतात, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

तेव्हा मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. ‘मलिकि’ बरोबर असेल तर आई मला उगाच अडवत होती का, असं विचारलं. ते म्हणाले, तू ते कुणाकडून ऐकून म्हणत होतास का? घाईत म्हणत होतास. तुझ्या आईने ऐकलेलं सांभाळलं. माय, हे ऐकून मला रडू आलं.

रोज फजर आणि मगरिबनंतर मशिदीत सगळे गोल बसून एका आवाजात कुरआनचा एकेक हिज्ब, म्हणजे साठावा भाग, वाचतात. साठ हिज्ब, महिन्यात कुरआन पूर्ण. मुलं लाकडी पाटीवर बोरूने सबक, म्हणजे त्या दिवसाचा धडा, लिहितात, पाठ झाला की धुतात, माती फासून उन्हात ठेवतात. पुढे सात कारींच्या किराअती शिकायच्या तर त्यांचे नियम सांगणारं शातिबींचं 1173 बैतांचं, म्हणजे कडव्यांचं, काव्य पाठ हवं. ते अंध होते, बाबा. 1194 साली कैरोत वारले. आजही सात किराअती शिकणारा त्यांच्याच ओळी घोकतो. मला अजून दीडशेच येतात.

एक काम करा. आजीला ओट्यावर बसवून फातिहा म्हणायला लावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. दात नाहीत म्हणून लाजेल, तरी म्हणवून घ्या. उस्तादांना ऐकायची आहे. मागून कोंबडं ओरडलं तरी चालेल.

तुमचा,
धाकटा