भिंतीकडेचे तण दिवाळीपर्यंत राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये आवाराची साफसफाई निघते. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतही यंदा कंत्राटदाराच्या माणसांनी कुंपणाच्या भिंतीलगतची एकदांडी, आंबोशी, घोळ आणि कोपऱ्यातली रुईसुद्धा मुळासकट उपटून नेली. आवार चकाचक झाले खरे, पण हा फुलपाखरांचा ऐन हंगाम असतो आणि आपण नेमके त्यांच्या अळ्यांचे अन्नच काढून टाकतो.

फुलपाखरू मधासाठी फुलावर येते हे सगळ्यांना ठाऊक असते. अळीला मात्र पाने लागतात, आणि तीही ठरावीकच झाडांची. प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू अंडी घालते ती रुईवर. रुईतले विष अळीच्या अंगात मुरते आणि पुढे फुलपाखरालाही पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याच केशरी रंगात वावरून स्वतःचा जीव वाचवते, आणि तिची अळी वाढते घोळीवर. आंबोशीवर नखाएवढी निळी फुलपाखरे वाढतात. हातभर रुंदीच्या त्या जागेत एवढे सगळे चाललेले असते!

माझ्या खिडकीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात कॉमन मॉर्मन अंडी घालते. बारीक, पिवळसर, मोहरीपेक्षाही लहान. अळी सुरुवातीला थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तशीच ओलसर, पांढरट ठिपक्यांची. मग कात टाकता टाकता हिरवीगार होते. तिला बोट लागले तर डोक्यामागून लाल, दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. शेजारची मुले शाळेतून आली की आधी तिला बघून जातात. ‘आजी, ही आपली फोडणीची पाने का खाते?’ असे एकीने विचारले, तेव्हा कढीपत्ता, लिंबू आणि बेल एकाच कुळातले हे तिला सांगता आले. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला, तिच्याही अळीला याच कुळातली झाडे लागतात. नॅशनल पार्क जवळ असल्याने ती अधूनमधून आमच्या गल्लीत उतरते. काळ्या पंखांवरचा तो निळा रंग एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

उपटलेल्या तणाच्या जागी हल्ली पेव्हर ब्लॉक येतात, नाहीतर ड्युरांटाचे कुंपण. ते सतत छाटले जाते, त्यामुळे फुलतही नाही. ‘तण ठेवले तर डास होतील’ ही भीती मी सभेत नेहमी ऐकते. डास अंडी घालतात साचलेल्या पाण्यात. त्यासाठी गच्चीवरच्या ताडपत्र्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि टाक्यांची झाकणे बघावीत, आंबोशी नव्हे.

माझी विनंती साधी आहे. पालिकेच्या उद्यानांनी आणि सोसायट्यांनी भिंतीलगतचा निदान दोन फूट पट्टा दिवाळीपर्यंत तसाच ठेवावा. जाण्यायेण्याची वाट जरूर साफ करावी. नवी झाडे लावताना एखादे लिंबू, एखादा बेल लावावा. आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. आणखी कोणत्या सोसायटीने असा पट्टा राखला असेल, तर त्यांनी या सदरातून जरूर कळवावे. सभेत दाखवायला मला त्याचा उपयोग होईल.

– एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व)