लेबल गेलं की उरतो नुसता दगड

माननीय संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात नातवाला घेऊन आमच्या भागातल्या एका छोट्या संग्रहालयात गेलो होतो. नवीन टाइल्स, नवीन लाइट, दारात सेल्फी पॉइंट पण केलाय, बरं वाटलं. आत गेलो तर घोणसच्या बरणीतलं फॉर्मलीन (नमुना कुजू नये म्हणून भरतात ते रसायन) उडून निम्म्यावर आलेलं, साप वरून वाळून चामड्यासारखा. भुसा भरलेल्या बिबट्याच्या कानाला कसर लागलेली आणि पोरं त्याच्या पाठीवरून हात फिरवतायत. जुन्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून सोमलाचा साबण चोळायचे, म्हणजे विषच ते, म्हणून साध्या दोरीने तरी तो भाग अडवा ना.

मी चाळीस वर्षं कॉलेजच्या झूलॉजी लॅबमध्ये अटेंडंट होतो. बरणीत एक भाग बाजारातलं फॉर्मलीन आणि नऊ भाग पाणी, झाकणाच्या कडेला व्हॅसलीन, दर उन्हाळ्यात लेव्हल बघून भर घालायची (हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून), बस. याला कुठला मोठा निधी लागतो?

पण खरं दुखलं ते दगडांच्या ट्रेपाशी. पंधरा-वीस जीवाश्म एकावर एक टाकलेले आणि वर एकच कार्ड, 'प्राचीन अवशेष'. कुठले, कोणी आणले, कधी, काही नाही. आपल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या काळातल्या शेणाचे दगड सापडतात, लोक हसतात ऐकून, पण लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या (जिथे प्राचीन वनस्पतींचा अभ्यास चालतो) संशोधकांनी परदेशातल्या लोकांसोबत ते दगड तपासले आणि त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे, म्हणजे काचेसारखे, बारीक कण निघाले. 2005 साली हे 'सायन्स' जर्नलमध्ये छापून आलं. तोवर डायनासोर होते तेव्हा गवत होतं याचा पक्का पुरावाच नव्हता. आता हाच दगड बिनलेबलचा ट्रेमध्ये पडला असता तर? कुठल्या गावचा, कुठल्या थरातला हेच माहीत नाही म्हटल्यावर कोण तपासणार त्याला, पेपरवेट म्हणून बरा.

म्हणून रंगरंगोटीच्या आधी एक जाड रजिस्टर घ्या. दगडावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या शाईने नंबर, तोच नंबर रजिस्टरमध्ये, पुढे गाव, तारीख, आणणाऱ्याचं नाव. बरणीतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, आम्ही एकदा अख्खं कपाट असं घालवलंय, त्यात थोडी चूक माझीही होती.

तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला जुनं रजिस्टर शिफ्टिंगमध्ये कुठेतरी गेलं, गोडाऊनमध्ये असेल. शोधा म्हणावं. सापडलं तर त्यातलं जुनं अक्षर लावून द्यायला मी फुकट येतो, दुपारी दोननंतर कधीही.

आपला,
एक निवृत्त लॅब अटेंडंट, जि. चंद्रपूर