गोळी कधी सुरू केली, हे आधी विचार

सोलापूर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, "दिवसभर औषधांच्या त्रासाचे फॉर्म तपासायचे, तारखा जुळवायच्या, रिकाम्या रकान्यांसाठी डॉक्टरांच्या मागे लागायचं. यासाठी एम.फार्म. केलं का मी?" फोनवर बोलले असते तर वाद झाला असता, म्हणून लिहिते आहे. इतकी वर्षं विषशास्त्र शिकवते आहे, औषधांनी यकृत कसं बिघडतं हाच माझा अभ्यास. आणि मुक्ता, या अभ्यासात तुझ्या त्या फॉर्मपेक्षा मोलाचं दुसरं काही मला दिसत नाही.

पॅरासिटामॉलचं तुला ठाऊकच आहे. मात्रा फार झाली की त्यापासून यकृतात एक विषारी पदार्थ जास्त तयार होतो, त्याला निकामी करणारं ग्लुटाथायोन संपतं आणि मग पेशी मरू लागतात. हे उंदरांत दाखवता येतं. 1973 मध्ये अमेरिकेत जेरी मिचेल आणि सहकाऱ्यांनी ते दाखवलं. त्यातूनच एन-ॲसिटिलसिस्टीनचा उतारा मिळाला, आणि पहिल्या आठ तासांत तो दिला तर यकृत बहुतेक वेळा वाचतं. असं कोडं प्रयोगशाळेत सुटतं.

पण खरी अडचण दुसऱ्या जातीच्या औषधांची. मात्रा बरोबर, डॉक्टर बरोबर, तरी दहा हजारांत एखाद्यालाच कावीळ होते. नव्या औषधाची चाचणी होते फार तर काही हजार माणसांवर. दहा हजारांत एक असा धोका हमखास दिसायचा तर सुमारे तीस हजार माणसं लागतील. ट्रोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध अमेरिकेत 1997 मध्ये बाजारात आलं आणि यकृत निकामी होण्याच्या तक्रारी साठत गेल्या तेव्हा 2000 मध्ये मागे घेतलं गेलं. फियाल्युरिडीन या हिपॅटायटिस बी वरच्या औषधाचं तर वाचवत नाही. 1993 च्या त्या चाचणीत 15 रुग्ण होते. सात जणांचं यकृत निकामी झालं, पाच गेले. आधीच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांनी काहीच इशारा दिला नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः टीबीच्या गोळ्यांचा. देशभरातल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या नोंदींत औषधाने झालेल्या यकृताच्या इजेपैकी निम्म्याच्या जवळपास टीबीच्या औषधांमुळे होती. आयएनएच (आयसोनियाझिड), रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, टीबीची ही तिन्ही औषधं यकृतावर येऊ शकतात, आणि रुग्ण ती एकत्रच घेतो. आयएनएच शरीरात सावकाश मोडणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना धोका जास्त. पण त्यांतल्याही बहुतेकांना काहीच होत नाही, आणि ते का, हेच मी शोधते आहे.

इथल्या पूर्वभागातली विडी वळणारी बाई डोळे पिवळे झाले म्हणून दवाखान्यात येते. "आणखी कुठलं औषध घेता का?" असं विचारलं तर ती नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. काढा, गुळवेल, कुणी दिलेला झाडपाला तिच्या लेखी औषधच नसतो. त्यांची नावं घेऊन विचारावं लागतं. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या लोकांच्या यकृताला झालेली इजा मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवली, ती अशा विचारण्यातूनच. दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ई ची तपासणीही हवीच. अमेरिकेत औषधाने झाली म्हणून नोंदलेली काही प्रकरणं तपासली, तर त्यांत हाच विषाणू निघाला होता.

तू म्हणशील, इतकं काटेकोर कशाला? कारण ठपका चुकीचा बसला तरी माणूस जातो. कावीळ झाली म्हणून सगळ्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या, तर टीबी आत तसाच राहतो. डॉक्टर नीट असेल तर एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारा रक्तातला आकडा, उतरल्यावर एकेक औषध पुन्हा सुरू करून बघतो. त्याला त्या वेळी आधार असतो तो नोंदीतल्या तारखांचा: गोळी कधी सुरू केली, पिवळेपणा कधी दिसला, गोळी कधी थांबवली, नंतर आकडे किती दिवसांत उतरले. हायमन झिमरमन या अमेरिकन डॉक्टरने असेच रुग्ण एकेक करून पाहिले आणि सांगितलं, की औषधाने पेशींना इजा होऊन कावीळही झाली तर दहातला एखादा रुग्ण दगावतो. आज कुठल्याही नव्या औषधाची यकृताची तपासणी त्याच निरीक्षणाच्या आधाराने होते.

तू सांगितलेला तो फॉर्म, ज्यात फक्त "कावीळ झाली, औषध बंद केलं" एवढंच आहे, तो तसाच पुढे ढकलू नकोस. त्या डॉक्टरांना पुन्हा फोन कर, रागावले तरी. बंद केल्यानंतरच्या दोन आठवड्यांचे एसजीपीटी आणि बिलीरुबिनचे, म्हणजे कावीळ दाखवणारे, आकडे माग, ई विषाणूची तपासणी केली होती का ते विचार, आणि काढ्याचं रुग्णाच्या घरच्यांना विचारायला सांग. काय उत्तर आलं ते रात्री मला कळव, कितीही उशीर झाला तरी मी जागी असेन.

शेंगाचटणीचा डबा शेजारच्या काकांबरोबर पाठवते आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई